गावाच्या आधी खाल्लेला आंबा

पंचेचाळिशी ओलांडल्यावर माझा पहिला पासपोर्ट आला, आणि त्याच्या जोरावर मी निघाले ती घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी चिमूरला राहते, तिथल्याच महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. गावांनी सांभाळलेल्या जंगलांवर थोडंफार लिहिलं होतं, तेवढ्यावरून एका परदेशी संस्थेच्या अभ्यास दौऱ्यासाठी माझी निवड झाली. दौऱ्याचे दोन टप्पे. पहिला चैत्रात आपल्या गडचिरोली-चंद्रपुरात, दुसरा पावसाळ्यानंतर नेपाळात. पासपोर्ट त्या दुसऱ्या टप्प्यासाठी होता; नेपाळला मतदार ओळखपत्रही चालतं, पण संस्थेला पासपोर्टच हवा होता. पहिला नीट पार पाडल्याशिवाय दुसरा नाही, एवढी साधी अट.

चिमूरहून नागभीडला लालपरीने गेले. बायकांना अर्धं तिकीट असल्याने हा प्रवास चहा-नाश्त्याच्या खर्चात होतो. बाकी मंडळी विमानाने नागपूरला उतरून उमरेडमार्गे येणार होती आणि मला नागभीडला गाडीत घेणार होती. स्थानकासमोरच्या टपरीवर बसून मी संस्थेने पाठवलेली नियमावली पुन्हा वाचली. सहभागी व्यक्तीला काय मिळेल: प्रवास, निवास, जेवण, स्वच्छ पाणी, विमा, दुभाषी. सहभागी व्यक्तीने काय करायचं: सगळ्या कार्यक्रमांना हजर राहायचं, गट सोडायचा नाही, स्थानिक रीतिरिवाजांचा मान ठेवायचा, परतल्यावर आपल्या लोकांना पाहिलेलं सांगायचं. चुकल्यास समन्वयक त्या व्यक्तीला तिथूनच परत पाठवू शकतो. मला हे सगळं न्याय्य वाटलं. दुसऱ्याच्या पैशाने शिकायला जायचं, तर बांधून घेणं आलंच.

गाडी आली. चालक रफिकभाई ब्रह्मपुरीचे. माझ्या हातातले कागद पाहून म्हणाले, "काय मॅडम, इतकं वाचून राह्यले, परीक्षा हाय का?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

"मंग पास करा बाप्पा. आपल्याले तर फकत गाडी चालवाची हाय."

गाडीत नेपाळचे दोघे होते, केनियाची एक वनअधिकारी होती, आणि खिडकीपाशी फिलिपिन्सहून आलेली मारिसेल. तिशीची असेल. तिच्या डोंगरातल्या लोकांनी स्वतःच्या जंगलावर हक्क मागितला आहे आणि ती मागणी कशी तडीला न्यायची हे शिकायला गावच्या म्हाताऱ्यांनी तिला निवडून पाठवलं होतं. आमचे समन्वयक केतन, पुण्याचे, चाळिशीतले, प्रत्येकाला पाणी प्यालात का म्हणून विचारणारे. मराठीतून इंग्रजी करण्याचं काम माझ्याकडे होतं.

ब्रह्मपुरीनंतर वैनगंगा ओलांडली. नदी आटून रेतीच्या पट्ट्यांत वाटली गेली होती. वडशाला जेवलो. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर जेवण वडशालाच उरका. पुढे कुरखेड्यात ताट मिळतं, पण दुपार टळली की भांडी धुतलेली असतात. पैसे वडशातच काढून घ्या. कुरखेड्यापुढे रस्ता अरुंद आहे, मधे मधे उखडलेला, पण दोन्ही बाजूंना पळस संपत आलेला आणि मोह सुरू झालेला असतो, त्यामुळे हळू जावं लागलं तरी कुणी कुरकुरत नाही.

ज्या गावी आम्ही पोचलो त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनीच तसं सांगितलं आहे.

गावाच्या मधोमध गोटुल आहे, म्हणजे बैठकीसाठी गावाने उभारलेली कौलारू, चहूबाजूंनी मोकळी जागा. आमची झोपायची सोय तिच्यालगतच्या खोल्यांत होती. ग्रामसभेच्या अध्यक्ष शेवंताबाई, माझ्याच वयाच्या, कमरेला पदर खोचलेल्या. त्यांनी आल्या आल्या गावाचे नियम सांगितले. देवराईत जायचं नाही. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. विहिरीवर चप्पल घालून चढायचं नाही. जंगलात विडी-सिगारेट नाही, कारण मोहाखालचा पाला जाळण्याची जुनी सवय गावाने ठराव करून मोडली आहे आणि आता सगळे झाडूनच जागा साफ करतात. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. मारिसेल वहीत लिहून घेत होती.

आंब्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. नंतर मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "ते काय सांगाची गोष्ट हाय जी? आमच्या इथी लहान लेकराले पण सांगा नाई लागत."

दुसऱ्या दिवशी पहाटे मोह वेचायला गेलो. फुलं पहाटेपासून गळतात. आधी एक टपकन्, मग दुसरं, मग सगळीकडून. ओली, फिकट, बोटाला चिकटणारी. बायका ओणव्या होऊन दोन्ही हातांनी वेचत होत्या. आमच्यातले बाकीचे थोड्या वेळाने कंबर धरून उभे राहिले. मारिसेल उठली नाही. तिचे हात बायकांच्या हातांइतकेच चालत होते. एका म्हातारीने तिच्या टोपलीत डोकावून पाहिलं आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

"काय म्हणाल्या?" मी शेवंताबाईंना विचारलं.

"म्हणते, हिले ठेवून घेऊ अन् माह्या सुनेले विमानात बसवून देऊ."

सून तिथेच वेचत होती. ती वर न बघता म्हणाली, "द्या ना बसवून. मोह तं वेचा नाई लागत तिथी."

मी हे मारिसेलला सांगितलं तेव्हा ती खूप हसली. त्या सकाळइतकी मोकळी सकाळ मला त्या दौऱ्यात पुन्हा मिळाली नाही.

ऊन चढल्यावर परत फिरलो. वाटेत आंब्याचं मोठं झाड होतं, कैऱ्या सुपारीहून थोड्या मोठ्या. मारिसेल थांबली. कच्चा आंबा मिठासोबत खाणं तिच्या देशात घरोघरचं आहे, हे तिने नंतर सांगितलं. तेव्हा तिने फक्त हात वर केला, खालच्या फांदीची एक कैरी तोडली, पिशवीतून मिठाची पुडी काढली आणि दाताने तोडून खाल्ली. डोळे मिटले. मग हसून आमच्याकडे पाहिलं.

बायका उभ्या राहिल्या होत्या. शेवंताबाईंनी डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"मॅडम, तिनं आंबा खाल्ला."

"हो, कच्चा आहे," मी म्हटलं. "पोट बिघडेल का तिचं?"

"पोटाचं नाई जी. गावानं अजून आंबा खाल्ला नाई."

मग त्यांनी सांगितलं. कुठलंही नवं फळ, नवं पीक गावाने एकत्र बसून, झाडाला आणि देवाला देऊन खायचं. त्याला पंडुम म्हणतात. पंडुमाआधी कुणी त्या फळाला हात लावत नाही. झाडाखाली पडलेलंसुद्धा उचलत नाहीत. आंब्याचं पंडुम व्हायला पाच-सहा दिवस होते, आणि सासरी गेलेल्या लेकींना, पलीकडच्या गावच्या सोयऱ्यांना निरोप गेले होते, त्यामुळे दिवस हलणार नव्हता.

मारिसेलच्या हातात अर्धी कैरी तशीच होती. मी तिला सांगत असताना तिने ती मुठीत मिटली. "आमच्याकडे पहिल्या भाताचं असंच आहे," ती म्हणाली. "मला विचारायला हवं होतं. सगळ्यात आधी मलाच हे कळायला हवं होतं."

दुपारची बैठक झाली नाही. जंगलाच्या हक्काबद्दल जे शिकायला आम्ही आलो होतो ते बाजूला राहिलं. केतननी गोटुलाच्या पायरीवर बसून सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा निर्णय लगेच झाला. रफिकभाई पहाटे मारिसेलला नागपूरला सोडतील.

मी म्हटलं, "केतन, तिला माहीत नव्हतं."

"मला कळतंय. पण गेल्या एका दौऱ्यात, दुसऱ्या राज्यात, असंच काही झालं. आम्ही सांभाळून घेतलं, आणि त्या गावाने नंतर कुणालाच दार उघडलं नाही. गावाचा मान राखायचा तर हेच करायला हवं. नियमही तेच सांगतो."

"मला गावासमोर बोलता येईल का?" मारिसेलने विचारलं.

"तशी तरतूद नाही," केतन म्हणाले, आणि त्यांना ते म्हणताना बरं वाटत नव्हतं हे मी पाहिलं.

ती परत गेली की दुसरा टप्पाही गेला. नेपाळातली जी गावं असा हक्क मिळवून बसली आहेत, तिथे बसून शिकण्यासाठीच तिच्या लोकांनी तिला पाठवलं होतं. ती रडली नाही. बॅग भरायला गेली.

मी सहभागी होते आणि दुभाषीही. दुभाष्याने न विचारलेलं बोलू नये. पण शेवंताबाईंना हे माहीत असायला हवं असं मला वाटलं, म्हणून त्यांच्या अंगणात गेले. त्या मोह वाळत घालत होत्या.

"उद्या तिला परत पाठवताहेत," मी सांगितलं. "तुमच्या गावाचा मान म्हणून."

त्यांचा हात थांबला. "कोण पाठवते? काऊन पाठवते?"

"समन्वयक. त्यांचा नियम आहे."

"अवं पण तिनं तुमचा आंबा खाल्ला का? आमचा खाल्ला ना! चूक आमच्या इथी झाली, अन् माणूस तुमी घेऊन जाता? मंग आमी काय निस्तरू, नुसतं झाड?"

संध्याकाळी गाव गोटुलात बसलं. केतन, मारिसेल आणि मीही. सोमाजी आजा गावाचे गायता, देवाधर्माचं काम पाहणारे, उघड्या अंगाने खांबाला टेकून बसले होते. ते गोंडीत बोलले, शेवंताबाईंनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत. या गावची रीत अशी, की जो पंडुमाआधी खातो त्याने पंडुमापर्यंत गावात राहायचं, त्या दिवशी सगळ्यांना आपल्या हाताने वाढायचं, आणि सगळ्यांच्या शेवटी खायचं.

शेवटचं वाक्य मी भाषांतरित केलं नाही. मी अडखळले. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

आमच्या घरात छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर देव्हारा नाही. माझे आजोबा त्याआधी गावच्या लग्नांत जेवायचे ते सगळ्यांची पंगत उठल्यावर, अंगणाच्या कडेला, उरलेलं. शेवटी जेवणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि इथे मी ते एका पाहुणीला, माझ्या तोंडाने, रीत म्हणून सांगणार होते.

"शेवंताबाई," मी मराठीतच म्हटलं, "एखाद्याला सगळ्यांच्या शेवटी खायला लावणं हा अपमान आहे. उरलेलं खायला लावायचं?"

आवाज चढला असणार, कारण मागे कुणीतरी म्हणालं, "अजी, मॅडमले राग आला."

शेवंताबाई रागावल्या नाहीत. "उरलेलं कोण देते जी तिले? तिचा पानाचा दोना सगळ्यात पह्यले भरतो. भरून झाडापाशी ठेवतो. मंग बाकीच्याइचे. अन् ती खात नाई तोवर कोणी जागचं उठत नाई. गायता पण नाई उठत. लेकरं रडली तरी नाई. सगळा गाव तिच्यासाठी बसून राह्यते. त्याले तुमी अपमान म्हणता का?"

मग मारिसेलला सगळं सांगितलं, माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तरही.

"मी राहते," ती म्हणाली.

केतन उठले आणि गावामागच्या टेकडीवर गेले, कारण फोन तिथेच लागतो. बऱ्याच वेळाने खाली आले. संस्थेचं उत्तर होतं: गट पुढे जाईल. गट सोडून राहणाऱ्याला विम्याचं संरक्षण नाही, म्हणून गाडी निघाल्या क्षणापासून मारिसेल दौऱ्यात नसेल. दुसऱ्या टप्प्यातही नसेल. परतीचं तिकीट तेवढं तिचं राहील.

"तू नीट विचार कर," केतन तिला म्हणाले. "तुझ्या लोकांना काय सांगशील?"

"माझे म्हातारे मला किती बैठकांना बसलीस असं विचारणार नाहीत," ती म्हणाली. "कुणाच्या घरात काही मोडून निघून आलीस का, ते विचारतील."

एक दिवस आणखी गावात काढून, अर्धीमुर्धी बैठक उरकून आम्ही निघालो. शेवंताबाई गाडीपाशी आल्या. "तुमी सगळ्याइनं आमच्या चुलीवरचं खाल्लं, आमच्या रानात मोह वेचला. तुमची पण मोजणी झाली हाय. पंडुमाले तुमचे दोने लागतीन." मी मान हलवली. ते नुसतं निरोपाचं बोलणं आहे असं समजले.

मारिसेल गोटुलाच्या सावलीत उभी होती. तिने हात हलवला. गाडीतल्या तिच्या जागेवर पुढचे दिवस कुणी बॅगसुद्धा ठेवली नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण मी त्यात पूर्ण नव्हते. आरमोरी, गडचिरोली, मूल करत चंद्रपूर. मुक्काम जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला. चैत्रातलं चंद्रपूर दुपारी बाहेर पडण्याजोगं नसतं. किल्ल्याची भिंत पाहायची तर सकाळी लवकर जा. तिसऱ्या दिवशी वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याकडे गेलो, कोळशाच्या उघड्या खाणींच्या कडेच्या एका गावात. तिथे झाडांची पानं राखाडी होती. एका घराच्या परसात आंबा होता, कैऱ्यांवर काळी पूड. घरधनी म्हणाला, "खायाच्या आधी दोनदा धुवा लागते." नेपाळच्या दोघांनी टिपून घेतलं. मी ते इंग्रजीत सांगितलं आणि मनात म्हटलं, इथे पंडुम कधी होत असेल का, की मागेच बंद पडलं.

परत चंद्रपूरला येताना शेवंताबाईंचा फोन आला. टेकडीवरून करत होत्या, वाऱ्याचा आवाज येत होता.

"मॅडम, उद्या आंबा खातो. तुमी येता का नाई ते सांगा. तिले उपाशी बसा लागते ना."

"म्हणजे?"

"अवं, सगळ्याइच्या शेवटी खायाचं ना तिनं. तुमी सगळ्याइतच हाय. तुमी खाल्ल्याबिगर ती कशी खाईन?"

"आणि कुणीच आलं नाही तर?"

"सूर्य बुडेवरी वाट पाहू. मंग तुमच्या वाटचं झाडाखाली ठेवून देऊ. पण तिचं राह्यलं ते राह्यलं. यंदा आंबा नाई तिले. अन् चुकीचं जे हाय, ते तसंच राह्यलं म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपुरात समारोपाची बैठक होती. प्रत्येकाने काय शिकलो ते सांगायचं, मग गाडीने नागपूर, संध्याकाळी विमानं. समारोप चुकवणं म्हणजे पहिला टप्पा अपुरा. मी विचार करत राहिले. मारिसेलसाठी जावंसं वाटत होतं, की चांगली बाई ठरण्यासाठी? मला ते दोन्ही नीट वेगळं करता आलं नाही, अजूनही येत नाही. पण ती उपाशी बसणार होती, आणि ती का बसणार हे मला माहीत होतं. त्यापुढे बाकीचे प्रश्न माझ्यापुरतेच होते.

सकाळी चहाच्या टेबलावर मी केतनना सांगितलं.

"मग दुसऱ्या टप्प्याबाबत माझ्या हातात काही राहणार नाही," ते म्हणाले. "मला तसं कळवावं लागेल."

"कळवा. खरं तेच कळवा."

नेपाळचे दोघे म्हणाले, "आमच्या वाटचं तुम्ही खा. खाता येत असेल तर." केनियाच्या बाईंनीही तेच सांगितलं. रफिकभाई बाहेर गाडी पुसत होते. "माझा हिस्सा पण खा मॅडम. मी तं सांगितलं असतं चला सोडून देतो, पण याइचं विमान हाय." मी बॅग खांद्याला लावली तेव्हा केतन दारापर्यंत आले. इकडेतिकडे पाहिलं.

"माझाही धरा," म्हणाले आणि आत गेले.

चंद्रपूर-गडचिरोली बस वेळेवर होती. गडचिरोलीहून आरमोरीला पोचले तर कुरखेड्याची बस नुकतीच गेलेली. एका काळीपिवळीत जागा मिळाली, वैरागडमार्गे, मांडीवर कुणाचं तरी कोंबडीचं खुराडं घेऊन. ज्यांना या वाटेने एकट्याने जायचं आहे त्यांनी पहिल्या बसनेच निघावं. मधली गाडी चुकली की दुपार हातातून जाते. माझी गेलीच. कुरखेड्याच्या चौकात शेवंताबाईंचे यजमान मोटरसायकल घेऊन उभे होते. कधीपासून उभे होते ते त्यांनी सांगितलं नाही. बसा म्हणाले.

आंब्याच्या झाडाखाली सगळं गाव बसलं होतं. सूर्य शेंड्यांच्या मागे उतरू लागला होता. बायका, म्हातारे, माहेरी आलेल्या लेकी, कुशीत झोपलेली पोरं. त्यांचं खाणं दुपारीच झालेलं होतं, पुढ्यात रिकामे दोने होते, आणि कुणी उठलेलं नव्हतं. मारिसेल शेवंताबाईंनी दिलेल्या लुगड्यात झाडाजवळ बसली होती. तिच्यापुढे पानाचा भरलेला दोना. मला पाहून ती उठायला गेली आणि बायकांनी तिला खाली बसवलं.

"बाकीचे?" शेवंताबाईंनी विचारलं.

"विमानात. सगळ्यांनी सांगितलंय, त्यांचं मी खायचं."

शेवंताबाईंनी सोमाजी आजांना विचारलं. त्यांनी मान डोलावली. मारिसेल उठली आणि तिने माझ्यासमोर दोने मांडले, माझा आणि मग एकेकाचा. कैरीच्या फोडी, मीठ नाही, गूळ नाही.

मी खाल्ले. नेपाळच्या दोघांचे, केनियाच्या बाईंचे, रफिकभाईंचा, शेवटी केतनचा. जबडे आखडले, डोळ्यांत पाणी आलं.

"दात आंबले का मॅडम?" मोहाखालच्या त्या म्हातारीची सून ओरडली आणि सगळं गाव हसलं.

मी हात जोडले नव्हते. जोडणार नव्हते. ते मी शेवंताबाईंना हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, "हात नाई जोडले तरी चालते जी. आल्या अन् खाल्लं, झालं."

मग मारिसेलने आपला दोना उचलला. तिच्या पिशवीतली मिठाची पुडी तिथेच होती, पण तिने ती काढली नाही. एकेक फोड सावकाश खाल्ली. शेवटची फोड गेली तसे सोमाजी आजा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दोन शब्द बोलले.

"झाडं मोकळी झाली म्हणते," शेवंताबाई म्हणाल्या.

गाव एकदम उठलं. पोरं झाडाकडे धावली, कुणीतरी फांदी हलवली, कैऱ्या खाली पडू लागल्या. मारिसेलने माझा हात धरला होता. तिचा हात आंबट-चिकट होता, माझाही.

दुसऱ्या दिवशी तिला वडशाहून पुढे लावून दिलं आणि मी चिमूरला परतले.

दुसऱ्या टप्प्यातून माझं नाव वगळल्याचं संस्थेने सौजन्याने कळवलं. मी अहवाल तरीही पाठवला, कारण पाहिलेलं सांगायचं मी कबूल केलं होतं. त्यात एक सूचना केली: आम्हाला काय मिळेल आणि आम्ही काय करायचं हे लिहिता, तर गावाला आमच्याकडून काय येणं लागतं हेही, गावाला विचारून, निघण्याआधी लिहा. चूक झाली तर माणूस हलवण्याआधी गावाला विचारा. केतनचं उत्तर आलं, सूचना वर पाठवली आहे. पुढचं मला माहीत नाही. विम्याचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेही मला मान्य आहे. मारिसेलला तिथे काही झालं असतं तर आज मी हे अशा सुरात लिहिलं नसतं.

पासपोर्ट कपाटात आहे, कोरा. कधी कधी वाईट वाटतं. वाटत नाही असं लिहिलं तर ते खरं होणार नाही.

शेवटी जेवणं या गोष्टीचं माझ्या मनात काय झालं, ते मात्र अजून नीट सांगता येत नाही. आजोबांची पंगत काही बदलली नाही. ती जशी होती तशीच होती आणि तिला दुसरं नाव देण्याचा मला अधिकार नाही. पण आता तिच्याशेजारी त्या झाडाखालची संध्याकाळही आहे, जिथे माझी वाट पाहत एक अख्खं गाव जेवणावरून उठलं नव्हतं.

परवा मारिसेलचा निरोप आला. ती गावी पोचली, म्हाताऱ्यांसमोर बसली आणि सगळं सांगितलं: ग्रामसभेचे ठराव, पाला न जाळणं, हक्काच्या नकाशांचं, आणि आंब्याचंही. दुसरा टप्पा गेला हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, ती दुसरी बाई आली का.

"मी म्हटलं, उशीर झाला तिला," मारिसेलने लिहिलं होतं. "पण आली."